एंटेबेच्या कस्टममध्ये वारलेली गाय

एंटेबे विमानतळाच्या कस्टममध्ये सोमवारी सकाळी एक गाय दाखल झाली. ती करंगळीएवढ्या कुपीत होती आणि बर्फाच्या डब्यातून आली होती.

खरं तर ते गाईच्या शरीरातलं एक प्रथिन. रोग आला की लढणाऱ्या पेशींना हाक देणारं. तेही गाईतून काढलेलं नव्हे, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. म्बराराकडे गोचीडतापाने वासरं पटापट मरत होती आणि नवी लस लागू पडते की नाही, हे या कुपीवाचून कळणार नव्हतं. ती सोडवायला आलेल्या डॉ. केमिगिशांनी प्रयोगशाळेत वासरांचं रक्त आणून ठेवलं होतं. ते संध्याकाळपर्यंतच कामाचं.

पण डब्यावर 'गाय' असं छापलेलं. अधिकारी ब्यारुहांगा गुरं राखणाऱ्या घराण्यातले. त्यांनी रीतसर चौकशी सुरू केली.

"नाव काय हिचं?"

"साहेब, हे प्रथिन आहे."

"अहो बाई, आपल्यात बिननावाची गाय असते का? बरं, रंग सांगा. रंगावरून ठेवू."

"रंग नाही. पाण्यासारखं आहे."

"म्हणजे पांढरी. शिंगं?"

"नाहीत हो."

"अरेरे. कापली कुणी?"

केमिगिशांनी सरळ गुडघे टेकले. "साहेब, बर्फ वितळतोय. ही गेली तर सगळी वासरं जातील."

"गाभण आहे? मग आधी नाही का सांगायचं? आणि गाभण जनावर बर्फात ठेवता? काळीज आहे की नाही तुम्हाला?"

नियमाप्रमाणे गाभण गाईला ताबडतोब बर्फातून काढून उन्हात, जनावरांच्या वाड्यात हलवण्यात आलं. पुढ्यात गवत आणि बादलीभर पाणी ठेवलं. दुपारपर्यंत तिने कशालाही तोंड लावलं नाही. सरकारी पशुवैद्य आले, कुपीला कान लावून म्हणाले, "रवंथ बंद आहे." तीन वाजता गाय मृत घोषित झाली.

आता कस्टमच्या ताब्यात जनावर दगावलं म्हटल्यावर साक्षीदार हवेत. मागे रांग होतीच. कुणाचं इंजिन अडकलेलं, कुणाचं लग्नाचं कापड.

"आली तेव्हाच लंगडत होती, साहेब," कापडवाली म्हणाली.

"मी तर खोकताना ऐकली," इंजिनवाला म्हणाला.

दोघांचा माल लगेच सुटला. मग रांगेतल्या प्रत्येकाला ती गाय आठवू लागली. केमिगिशांनी प्रयोगशाळेत जाऊन रक्त ओतून दिलं. लस तशीच पडून राहिली आणि म्बरारात वासरं पुरणं चालू राहिलं.

हसताय ना? हसा. त्या रांगेत तुमचं पार्सल असतं, तर तुम्ही तिचं दूध काढून दाखवलं असतंत.