भीमराजचा उजळलेला फोटो

"दहा मिनिटांचं काम आहे," असं आईला सांगून धम्मरत्न लॅपटॉप उघडून बसला. चाकणच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. सुट्या भागांचे फोटो साफ करून रिपोर्टला जोडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी बापाचा एक फोटो काय अवघड?

वडील भीमराज जाऊन आठ दिवस झाले होते. जन्मभर फाउंड्रीत भट्टीवर राबलेल्या त्या माणसाचा एकट्याचा फोटो एकच, तोही शेडच्या अंधारात काढलेला. काळी भिंत, त्यापुढे काळा चेहरा. धम्मरत्नने कॉन्ट्रास्ट वाढवला. डोळे दिसले, पण गाल भिंतीत गेले. गाल उजळले, तर मिशी उडाली. मिशी गडद केली, तर चेहरा एखाद्या फौजदारासारखा झाला. मागे जावं म्हटलं, तर मूळ फाइलवरच सेव्ह झालेलं.

त्यात फ्लेक्सवाल्या बंटीने आपल्या मनाने आणखी कॉन्ट्रास्ट चढवला आणि चेहरा गोरा झाला. "छापताना फिकट येतं, भावा."

रहाटणीच्या विहारात पुण्यानुमोदनाची वेळ झाली, तरी भीमराजचे भट्टीवरचे जोडीदार सयाजी येईनात. धम्मरत्नने फोन लावला.

"मी केव्हाचा बसलोय," सयाजी दबक्या आवाजात म्हणाले. "फुलं वाहिली, चहा झाला. तुम्हीच दिसंना."

"कुठं बसलाय, काका?"

"पुढच्या गल्लीत, मांडवात. विहारापाशी फ्लेक्स बघितला, पण तो कुणा साहेबाचा व्हता."

धम्मरत्न बाहेर आला. आई, कस्तुराबाई, फ्लेक्ससमोर उभी होती.

"बापाचा रंग का काढलास?"

"काढला नाही गं. मागची भिंत काळी होती, म्हणून..."

"मग भिंत पुसायची होती."



सयाजी आले. फ्लेक्सपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग धम्मरत्नला बाजूला घेऊन म्हणाले, "माझा एक फोटो काढून ठेव. आत्ता, उन्हात. आन् काढल्यावर त्याला हात लावू नको."

धम्मरत्नने फोटो काढला. खरंच हात लावला नाही. चेहरा उजळला तो फोननेच, आपणहून. तो फोटो त्याने सयाजींच्या घरी पाठवला. गुडघे धरल्यामुळे त्यांच्या पत्नी सुमनताई आल्या नव्हत्या.

लगेच त्यांचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"चांगला दिसतोय रे माणूस. हे अजून कोण गेलं?"