तिसरी ‘ब’मधले पाटणकर

मी वर्गात प्रश्न विचारला की पहिला हात वर व्हायचा तो पाटणकरांचा. वय बेचाळीस. बसायला मुलांची निळी बुटकी खुर्ची, गुडघे हनुवटीपाशी.

“पाटणकर, तुम्ही नाही.”

“सॉरी मॅडम. पण उत्तर येतंय ना!”

पाटणकर साइट इंजिनियर. २००८च्या मंदीत दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि त्यांची नोकरी गेली. बायको नर्स, म्हणून दुबईच्या करामा भागातलं घर टिकलं. मुलगी सानिका, तिला डाउन सिंड्रोम. चार शाळांनी ‘सीट नाही’ म्हणून परत पाठवलेलं. आमच्या शाळेने घेतलं, पण अट घातली: वर्गात तिच्याशेजारी बसून मदत करणारी शॅडो टीचर पालकांनीच आणायची.

“शॅडो परवडत नाही. मीच बसतो,” पाटणकर म्हणाले.

आता, बसणं हा प्रकारच त्या माणसाला ठाऊक नव्हता. दहा मिनिटं झाली की उठलेच. डगमगत्या बाकाखाली पुठ्ठा सरकव, फळा तिरका लागलाय म्हणून पट्टी धरून बघ, मी शिकवत असताना माझ्या डोक्यावरचा एसी ठीक कर. सानिकाची एक ओळ लिहून झाली की साइटवरच्या अरबीत ‘चला’ म्हणायची सवय, “यल्ला, नेक्स्ट!” आठवड्याभरात अख्खा वर्ग “यल्ला, नेक्स्ट!” ओरडायला लागला. पालकांच्या तक्रारी आल्या. प्रिन्सिपलबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि म्हणाले, “मॅडम, त्यांच्या केबिनचं दार करकरतंय. उद्या तेल आणतो.”

पण सानिकाला वजाबाकी पाटणकरांनीच शिकवली. मी शिकवून शिकवून थकले होते. त्यांनी वहीत उंच टॉवर काढला, त्यात लिफ्ट. “सातव्या मजल्यावरून तीन मजले खाली आलीस. कुठे उतरशील?” सानिकाने बोटाने लिफ्ट खाली आणली आणि चारवर उतरली. पाटणकर घाईघाईने खिडकीची कडी तपासायला गेले. कडी धडधाकट होती.

हिवाळ्यात एका सकाळी सानिकाने शेजारच्या फातिमाचा हात धरला. “बाबा, यू गो. आय सिट विथ फातिमा.”

पाटणकर हसत उठले, दारापर्यंत गेले, परत आले. “पेन्सिलला टोक आहे ना?”

“बाबा, गो!”

त्यानंतर तीन आठवडे ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि सानिका आत आपली आपण शिकत होती. शेवटी मीच त्यांना गाठलं. “आता शॅडोची गरज नाही. तसा अहवाल देते. अभिनंदन!”

“छान. छानच झालं.” ते नोटीस बोर्डाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “पंधरा दिवस थांबाल का, मॅडम? बिल्डिंगमध्ये सगळे विचारतात, पाटणकर, हल्ली काय करता? शाळेत असतो, असं सांगता येत होतं.”

अहवालात मी लिहिलं, ‘आणखी पंधरा दिवस गरज आहे.’

कुणाला, ते लिहिलं नाही.