पांढऱ्या दाराला जवसाचं तेल

नवं कुलूप बसवायचं नाही, हे रूपरावांनी चहा पिता पिता ठरवलं. इतकं सहज, की आपण काही ठरवतो आहोत असंही त्यांना वाटलं नाही.

नालवाडीतल्या त्यांच्या घराचं दार यूपीव्हीसीचं होतं. (घरात सगळे त्याला ‘प्लास्टिकचं दार’ म्हणत, पूर्ण नाव पाहुण्यांसमोर.) जुन्या लाकडी दाराची चौकट वाळवीने खाल्ली, तेव्हा रूपरावांनीच हौसेने ते बसवून घेतलं होतं. हँडल वर उचललं की आतले आकडे चौकटीत जाऊन बसतात, मग किल्ली फिरवायची. नवं होतं तेव्हा रूपराव पाहुण्यांना पाण्याच्या आधी हे हँडल दाखवत. पण वापरून वापरून कुलूप झिजलं. या उन्हाळ्यात तर किल्ली फिरवणाऱ्या त्यांच्या बायकोला, कोकिळाबाईंना, रस्त्यावरून पाहिलं, तर त्या दाराशी कुस्ती खेळत आहेत असं वाटायचं. शेवटी त्या स्वतः बाजारात गेल्या आणि नवं कुलूप घेऊन आल्या. दार बदलायची गरज नव्हती. एक स्क्रू काढायचा, कुलपाचा जुना गाभा बाहेर, नवा आत.

“उद्या माणूस बोलावते,” त्या म्हणाल्या.

“कायले?” रूपराव बशीत चहा ओतत म्हणाले. “चांगलं कुलूप फेकून देतं का कोणी? त्याले तेल पायजे. माह्या बापानं सागवानी दाराले जनमभर जवसाचं तेल देल्लं. दारानं कधी कुरकुर केली नाई.”

“त्या दाराले कुलूप कुठं होतं? कडी होती.”

“मंग कडीनं तरी कुठं कुरकुर केली?”

“बाबा, जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं होते,” दहावीतली मेघा म्हणाली. पण ती हे इतक्या हळू म्हणाली, की ते फक्त कूलरला ऐकू गेलं.

झालं. नवं कुलूप कपाटात गेलं. कानात औषध घालायच्या ड्रॉपरने रूपरावांनी जवसाचं तेल किल्लीच्या भोकात सोडलं, आणि खरंच, किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. त्यांनी ती कोकिळाबाईंसमोर फिरवली, मेघासमोर फिरवली, दूधवाल्यासमोरही फिरवली. शेजारच्या शोभाबाईंचं दार अगदी तसंच. त्या म्हणाल्या, “भाऊ, माह्याही दाराले दोन थेंब टाका ना.” रूपरावांनी दोनाचे वीस टाकले, आणि वर बाटलीही त्यांच्याकडेच ठेवली. (घरात आणखी एक होती.)

आठवड्याभरात किल्ली पुन्हा जड झाली. “तेल कमी पडलं,” रूपराव म्हणाले आणि आणखी तेल टाकलं. किल्ली जितकी जड, तितकं तेल जास्त. मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन दिवसभर त्या दारावर पडायचं आणि आतलं तेल आपल्या स्वभावाप्रमाणे आळत जायचं.

अशात मोहिनीचं लग्न आलं. मोहिनी ही आष्टीला दिलेल्या बहिणीची मुलगी, म्हणजे रूपराव तिचे सख्खे आणि एकुलते एक मामा. आपल्याकडे मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही. जन्मभर कचेरीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या रूपरावांसाठी आपल्यावाचून कोणाचं तरी अडून राहणं ही मोठीच गोष्ट होती. त्यांनी आरशासमोर मेघाचा हात धरून दोनदा तालीम केली होती. रुखवत कोकिळाबाईंकडे होतं. त्यांनी उन्हाळाभर खपून कुरड्यांचं देऊळ, पापडांचं कमळ आणि सरकीच्या डोळ्यांची कापसाची बैलजोडी केली होती. ते सगळं बैठकीत मांडून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी जीप यायच्या आधी तिघं दार लावून मारुतीला नारळ फोडायला गेली. येऊन पाहतात तर किल्ली आत गेली, पण फिरेना.

रूपरावांनी हँडल उचललं, खांदा लावला, गुडघा लावला, मग मारुतीचं नाव घेतलं. किल्ली हलली नाही.

“अजून थोडं तेल,” ते सवयीने म्हणाले.

कोकिळाबाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. कपाळावरचा ताजा शेंदूर रूपरावांना एकदम गरम लागला.

“नवं कुलूप कुठं हाये?” रूपरावांनी विचारलं.

“कपाटात.”

“आनि कपाट?”

“आतमंदी, मेघाचे बाबा. कपाट आतमंदीच राह्यते.”

मागचं दार असतं तर प्रश्न नव्हता. पण घर बांधताना रूपरावांनीच ते ठेवू दिलं नव्हतं. दोन दारं म्हणजे दोन कुलपांची कटकट, हे त्यांचं म्हणणं. इतक्यात शेजारून शोभाबाईंचा आवाज आला.

“भाऊ, माह्यं दार उघडून नाई राह्यलं. तुमी काई केलं का त्याले?”

त्यांना निदान मागचं दार होतं. त्या घराला वळसा घालून आल्या. तोवर भाड्याची जीप घेऊन ड्रायव्हर प्रफुल्लही आला आणि त्याने हॉर्न वाजवून गल्ली गोळा केली. कुलूप उघडणाऱ्या माणसाला फोन लावला, तर तो देवळीला गेलेला. तेवढ्यात मेघाने खिडकीकडे बोट दाखवलं.

खिडकीत कूलर होता. कूलर बसवण्यासाठी खिडकीचे गज चौकोनात कापलेले होते. प्रफुल्लने कूलर ओढून खाली ठेवला. उघडलेल्या चौकोनातून आतली बैलजोडी सरकीच्या डोळ्यांनी बाहेर पाहत होती.

“मी जाते,” मेघा म्हणाली. या वेळी ते ऐकू आलं. पण रूपराव तिच्याआधी खुर्चीवर चढले होते. चूक आपली, तर खिडकीही आपली, असं त्यांच्या मनात आलं. गल्लीने पाय धरले, प्रफुल्लने मागून जोर लावला आणि रूपराव गव्हाच्या पोत्यासारखे आत पडले.

दार आतूनही उघडेना, आणि कुलपाचा स्क्रू दाराच्या कडेला, दार उघडल्याशिवाय हाती न लागणारा. पण रुखवताच्या बाबतीत त्यांनी कमाल केली. एकेक वस्तू दोन्ही हातांवर तोलून त्यांनी चौकोनातून बाहेर दिली. कुरड्यांचं देऊळ देताना तर त्यांनी श्वास रोखला होता. एक पापड तुटला नाही. शेवटी बैलजोडी हातात घेताना कोकिळाबाई इतकंच म्हणाल्या, “हळू. तुमाले लागलं तं नाई ना?” सकाळपासूनचं हे पहिलं प्रेमाचं वाक्य.

त्या बळावर रूपराव परत चढले. डोकं बाहेर आलं, खांदे आले, आणि पोट आलं नाही. आत ढकलायला अख्खी गल्ली होती. बाहेर ढकलायला आत कोणीच नव्हतं.

“श्वास सोडा, काका,” प्रफुल्ल म्हणाला.

“सोडला.”

“अजून सोडा.”

“आता सोडला तं मरन, बापा.”

तेवढ्यात आष्टीहून नणंदेचा फोन आला. कोकिळाबाईंनी तो कानाला लावला.

“मामा निघाले का?”

“निघून राह्यले,” कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या. “कमरेपर्यंत निघाले.”

“लवकर या वो. पोरगी म्हन्ते, मामा आल्याबिगर मी खोलीतून निंघत नाई.”

हे खिडकीतही ऐकू गेलं. रूपरावांनी हातपाय मारणं थांबवलं. दोन वेळा केलेली तालीम त्यांना आठवली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की हसणारी गल्ली गप्प बसली.

मग शोभाबाई घरी गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. तीच, जवसाच्या तेलाची.

“भाऊ, ‘ठेवा, लागते’ असं तुमीच म्हनले होते,” त्या म्हणाल्या, आणि बाटली रूपरावांच्या कमरेभोवती रिकामी केली. प्रफुल्लने ओढलं. कुलपाला जे जमलं नाही ते रूपरावांना जमलं. ते सुळकन बाहेर आले, थेट त्याच्या अंगावर.

कपडे बदलायला कपडे आतच. तेलकट सदऱ्यानेच ते जीपमध्ये बसले. शोभाबाईंनी कूलर परत खिडकीत लावून घर राखायचं कबूल केलं. आर्वीपर्यंत कोकिळाबाई त्यांच्या केसांतलं कूलरचं गवत वेचत होत्या. आर्वीच्या पुढे त्या एकदाच खुदकन हसल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मुहूर्त चुकला नाही. रूपरावांनी मोहिनीचा हात धरून तिला मांडवात आणलं, अगदी तालमीसारखं. “जवसाची चटनी हाये का जेवनात?” असं मागून कोणीतरी विचारलं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नवरानवरीच्या अंगावरच्या घरंगळून खाली गेल्या. रूपरावांच्या मानेवर, हातांवर, सदऱ्यावर पडलेली एकही अक्षता खाली गेली नाही. तेल वेळेवर आळलं होतं. मोहिनीने वळून पाहिलं आणि हार घालता घालता ती इतकी हसली, की फोटोत सगळ्यात छान तोच फोटो आला.

दुसऱ्या दिवशी माणसाने येऊन जुनं कुलूप फोडून काढलं आणि कपाटातलं नवं बसवलं. तेल टाकू नका, पेन्सिलची पूड चालते, असं त्याने जाताना सांगितलं. (मेघा मान खाली घालून पेन्सिलला टोक करत होती.) शोभाबाईंच्या दारालाही नवं कुलूप बसलं, ते रूपरावांनी आणून दिलं.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या. एक कोकिळाबाईंच्या कमरेला असते, एक मेघाच्या दप्तरात आणि एक, वेळप्रसंगी असावी म्हणून, शोभाबाईंच्या देव्हाऱ्यामागे.

रूपराव कचेरीतून आले की बेल वाजवतात. बेलचं बटण अलीकडे जरा जड लागतं, असं त्यांना वाटतं. पण हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.