कलशेट्टी सरांची तान्हेली

रिकाम्या खोलीत शिरण्यापूर्वी खाकरावे, हा कलशेट्टी सरांचा नेम होता. माणसांनी भरलेल्या खोलीत ते खुशाल शिरत. परंतु आत कोणी नाही अशी खात्री असली, की उंबऱ्याबाहेर थांबत, घसा साफ करीत, क्षणभर वाट पाहत आणि मगच आत पाऊल टाकीत. कारण विचारले तर म्हणत, "आत कोणी असलंच, तर त्याला पदर सावरायला वेळ नको का? न सांगता कोणाच्या घरात आपण घुसतो का?"

नवल असे की, हे गृहस्थ आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. सकाळी प्रयोगशाळेचे कुलूप काढून ते दारात खाकरत, आणि मागे रांगेत उभी असलेली सारी मुले गुरुभक्तीने एकदम खाकरत. शेजारच्या वर्गात माझा संस्कृतचा तास चाले. तो सामुदायिक घोष कानी आला, की माझे विद्यार्थी न सांगता वह्या मिटीत.

प्राचार्यांनी एकदा त्यांना विचारलेच, "प्रकाश सरळ रेषेत जातो हे फळ्यावर सिद्ध करता, आणि भुतंखेतं मानता?"

"मानतो कुठं?" सर शांतपणे म्हणाले. "शास्त्र शास्त्राच्या ठायी, सौजन्य सौजन्याच्या ठायी. भूत नसेल तर माझं खाकरणं वाया गेलं, एवढंच ना? पण असेल, तर त्याला वाईट वाटू नये."

ते उमरग्याकडचे. घरची भाषा कानडी, बाहेरची मराठी. नियमाने कपाळी विभूती लावीत. राग आला की "साकु, साकु!" म्हणजे पुरे, एवढेच कानडी तोंडून निघे, आणि तेही पुटपुटल्यासारखे. संसार असा उरला नव्हता. धाराशिवला बदलून येण्यापूर्वीच सोलापूरच्या रुग्णालयात, शस्त्रक्रियेनंतर, त्यांची पत्नी निवर्तली होती. मूलबाळ नव्हते. पत्नीविषयी ते कधी बोलत नसत आणि आम्हीही त्या दाराशी कधी गेलो नाही. त्यांच्या बोलण्यात दोनच विषय येत, पदार्थविज्ञान आणि नाटक. आणि नाटक म्हणजे भुताचेच. दरवर्षी स्नेहसंमेलनात ते एक भूत रंगमंचावर आणीत, आणि दरवर्षी लोक पोट धरधरून हसत. एका वर्षी भुताचा पाय पडद्याच्या दोरीत अडकला. एका वर्षी भुताच्या आईने पहिल्या रांगेतून, "आरं, सदरा आत खोव की," अशी हाक दिली. सर विंगेत डोके धरून बसत आणि म्हणत, "काटा नाही आला, शास्त्रीजी. कोणाच्या अंगावर काटाच नाही आला."

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी ठरवले, की यंदा तान्हेलीची गोष्ट करायची.

ही गोष्ट आमच्या भागात आईच्या मांडीवर ऐकलेली नाही असा माणूस नाही. उन्हात वाट तुडवताना एक सून पाणी पाणी करीत मेली. ती सांजेला कोणाच्याही उंबऱ्याशी उभी राहते आणि पाणी मागते. जो देईल, त्याच्या घरी ती जाते आणि कायमची राहते. म्हणून ओ द्यायची नाही, दार लावून घ्यायचे, आणि मांत्रिकाने मंत्र म्हणून तिला वाटेला लावायचे. सरांनी यात एक बदल केला. त्यांची तान्हेली कोणाच्याही दारी जात नाही. ती आपल्या नवऱ्याच्या दारी येते. नवऱ्याचे काम ते स्वतः करणार होते. मांत्रिक मात्र दिसणार नव्हता. त्याचा मंत्र विंगेतून मी म्हणायचा, अशी योजना होती.

"शास्त्रीजी, भूत जाणार नाही असा मंत्र आहे का हो?" त्यांनी मला विचारले.

"प्रेतात्म्याला शांती देऊन पाठवण्याचे मंत्र आहेत. थांबवण्याचे शास्त्रात नाहीत," मी म्हणालो.

"मग जरा सावकाश म्हणा," ते म्हणाले.

तान्हेलीच्या कामासाठी तेर गावचा अंकुश निवडला गेला. आवाज गोड, अंगलट सडपातळ, पण ओठावर दाट मिशी. सर म्हणाले, मिशी काढ.

"सर, बाप जिता हाय," अंकुश म्हणाला. "बाप जिता आस्तानी मिशी कशी काढू?"

"अरे, भुताला कुठला बाप?"

"भुताला नसंल सर, पर मला हाय की."

इथे पदार्थविज्ञानाने माघार घेतली. शेवटी तान्हेलीने पदर नाकाखाली ओढून वावरायचे, असे ठरले. तालमीत अंकुश त्या पदरात अडखळे, आणि सर टाळी वाजवून म्हणत, "साकु! बाई चालते तशी चाल. तू रेड्यासारखा येतोस." मग ते स्वतः पदर घेऊन चालून दाखवीत. ती चाल मात्र इतकी हलकी आणि इतकी ओळखीची असे, की मुले हसायची विसरत.

प्राचार्यांची अट होती, की नाटक विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला पाठवायचे तर आधी गावात प्रयोग करून दाखवा. पण आमचे सभागृह दुष्काळी कामांच्या कचेरीने घेतले होते. मोकळी अशी एकच वास्तू उरली होती, ती सहकारी संघाचे गोदाम. पीकच नव्हते, तेव्हा गोदामात ठेवायला काही नव्हते. आम्ही दोघे संघाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सारा गाव चेअरमनसाहेब म्हणे.

"गोदाम घ्या की सर," ते म्हणाले. "पर नाटक काय हाय?"

सरांनी कथा सांगितली. चेअरमनसाहेबांनी पान तोंडात सरकवले.

"म्हंजे भूत खरं?"

"हो."

"मग न्हाय जमायचं. आमी सोसायट्या काढायलोत, कारखाना हुबा करायलोत, आन् आमच्याच गोदामात भूत खरं? लोक काय म्हणतील? भूत शेवटाला चोर निघालं पायजे. नवऱ्यानं पदर वढायचा, खाली मिशीवाला चोर. लोकान्ला बी शिकवण मिळंल."

सरांचा चेहरा उतरला. परतताना ते म्हणाले, "ती चोर निघाली, तर मग आलीच कशाला, शास्त्रीजी?" पण दुसरी जागा नव्हती. त्यांनी शेवट बदलला. अंकुश तेवढा खूश झाला. "बगा सर," तो म्हणाला, "आता मिशी कामाला आली!" सरांना हसू आले नाही. तालमीत पदर ओढायची वेळ आली, की ते हात पुढे करीत, आणि हात मध्येच थांबे. "प्रयोगात करीन," असे म्हणून ते पुढे जात.

प्रयोग बाजारच्या दिवशी ठेवला, कारण त्या दिवशी खडी फोडण्याची कामे बंद असत. तोही भर दुपारी, कारण बायाबापड्यांना उजेड असेपर्यंत गावी पोहोचायचे होते. भुताचे नाटक आणि लख्ख ऊन! गोदामाच्या पत्र्याला भोके होती. त्यांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या. रेशनवर आलेल्या मिलो ज्वारीची रिकामी पोती अंथरून लोक बसले. चेअरमनसाहेब पुढे खुर्चीवर विराजमान झाले. विंगेच्या ताडपत्रीआड उभा राहून मी मनोमन सरांच्या काट्यासाठी प्रार्थना केली, कारण देवाजवळ मागायला संकोच वाटावा अशी ती गोष्ट नव्हती.

अंकुश आला तेव्हा लोक हसले. "आगं बया, कुनाची सून म्हनायची ही?" कोणी ओरडले. सर लाकडी चौकटीत, उंबऱ्याच्या आत, पाठमोरे उभे होते.

मग अंकुशने पाणी मागितले.

"पाणी द्या हो. घोटभर द्या. घसा जळायलाय."

हसू कापल्यासारखे थांबले. त्या वर्षी तो शब्द नाटकातला राहिलाच नव्हता. सर संहितेप्रमाणे गप्प उभे. तान्हेलीने पुन्हा मागितले. गोदामात इतकी शांतता पसरली, की पत्र्यावर चिमणी चालली तेही ऐकू आले. आता नवऱ्याने वळायचे, पदर ओढायचा आणि चोर पकडायचा.

एवढ्यात पोत्यांवरून एक बाई उठली. ती बौद्धवाड्यातली कोंडाबाई. सडकेच्या कामावर खडी फोडायची. येताना घरून आणलेला तांब्या तिने उचलला, माणसे बाजूला सारीत सरळ रंगमंचावर चढली आणि सरांपाशी उभी राहिली.

"सरका वो सर. बाई कवाची पाणी मागायली, आन् तुमी नुसतं भिताडाकडं बगत हुबा ऱ्हायलाव?"

सर सरकले. अंकुश गोंधळून विंगेकडे पाहू लागला. त्याला काय सांगावे हे मलाही सुचेना. त्याने प्रेक्षकांकडे पाठ केली, पदर किंचित वर घेतला, खाली बसला आणि ओंजळ धरली. कोंडाबाईने बारीक धार सोडली.

"पी बाई. दमानं पी. लई लांबनं आलीस."

तांब्या कोणाच्या घरचा, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. अंकुश पीत होता, खरोखरच पीत होता, आणि सर त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. त्यांनी पदराला हात लावला नाही. खालच्या आवाजात, संहितेत कोठेही नसलेले असे काही ते बोलले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आले.

"डॉक्टर नको म्हणाले होते गं. थेंबही देऊ नका म्हणाले. मी त्यांचं ऐकलं."

मंत्र माझ्या ओठांवरच राहिला. अंकुश उठला आणि हळूहळू, बाई चालते तसा, ताडपत्रीआड निघून गेला. कोणीतरी पडद्याची दोरी सोडली. बाहेर टाळी वाजली नाही. पुष्कळ वेळाने एखादी वाजली, आणि मग बायांचे नाक ओढण्याचे आवाज आले.

चेअरमनसाहेब आत आले. "सर, आपलं ठरलं हुतं. चोर कुठं गेला?"

सरांऐवजी मीच म्हणालो, "चेअरमनसाहेब, आता काढायचा का चोर?"

त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिले. कोंडाबाई रिकामा तांब्या पदराने पुसत होती. "नगं नगं," ते घाईने म्हणाले. "आता चोर काढला तर ही बाई मला हितंच खडीवानी फोडंल."

युवक महोत्सवाला ते नाटक गेले नाही. सरांनीच नकार दिला. "तिथं पाणी घेऊन कोण येणार?" एवढेच ते प्राचार्यांना म्हणाले.

प्रयोगाच्या त्या दुपारी लोक पांगू लागले तेव्हा सर चपला न घालताच बाहेर धावले. मी मागोमाग गेलो. कोंडाबाई डोक्यावर बाजाराचे गाठोडे घेऊन निघाली होती. सरांनी तिच्यापुढे हात जोडले. ती लाजून दोन पावले मागे सरली.

"मावशी," सर म्हणाले, "ते नाटक होतं. तो आमचा विद्यार्थी होता."

"म्हाईत हाय की. मिशी दिसली मला," ती म्हणाली. "पर मिशी कुठं पाणी मागत हुती? मागायली ती बाईच हुती."

"गोष्ट ठाऊक आहे ना तुम्हाला? पाणी देणाऱ्याच्या घरी ती राहायला येते. भीती नाही वाटली?"

"येऊ द्या की. मी एकलीच ऱ्हाते. बोलाया कुनीतरी व्हईल." तिने गाठोडे सावरले आणि सरांकडे निरखून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तिला काय दिसले कोणास ठाऊक. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "व्हय सर, सांगायचं काय ऱ्हायलंय का?"

सरांनी घसा साफ केला नाही, की आढेवेढे घेतले नाहीत; एखाद्याने आपल्या माणसाला चांगल्या घरी पोहोचवून निघताना हळूच सांगावे, तसे ते म्हणाले, "तिला वाळा घातलेलं पाणी आवडायचं."

कोंडाबाईने कोरड्या आभाळाकडे एकदा पाहिले.

"वाळा कुठला आता सर," ती म्हणाली. "पर गावला तर टाकीन."