तात्यांचा दुसरा भाग

भोरमध्ये ज्ञानूतात्यांनी मारलेला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मला तर त्यांनी पहिल्याच पानावर मारलं. गल्लीतले डॉक्टर माझ्याबरोबर गेले, भाजीवाली मंगल पान उलटताच गेली आणि मंडपवाला रघू दोनदा मेला, कारण एकदा मारल्याचं तात्या विसरले. रस्त्यात कुणी भेटलं की स्वतःहून सांगतात, "तुमी गेलात बरं का. वाईट वाटून घिऊ नका, लई चांगलं मरान दिलंय."

तात्या कादंबरी लिहितात. जग बुडाल्यानंतरची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझ्या टायपिंगच्या दुकानाशेजारच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. सकाळी पांढरी टोपी घालून येतात, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतात आणि सांगत सुटतात. टाइप मी करायचं. "तात्या, स्वतः लिहीत का नाही?" म्हटलं तर म्हणाले, "लिवायला म्या घरीच बसंन की. हितं निदान तू तरी असतीस."

त्यांचा पहिला भाग छापून आला तेव्हा भोरच्या कॉलेजातल्या पोरांनी तो अक्षरशः फाटेस्तोवर वाचला. गोष्ट अशी. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात एक अवाढव्य गावजेवण असतं. यच्चयावत माणसं एका मांडवाखाली जमतात आणि वरून काहीतरी पडतं. काय पडतं, असं मी चारदा विचारलं. "कायतरी पडलं म्हन की. मेल्याली मानसं इचारत्यात व्हय?" उरतात फक्त ज्यांना जेवणाला बोलावलंच नव्हतं ते. म्हणजे गावाने वाळीत टाकलेले.

आणि उरतात यंत्रगडी. हा शब्द तात्यांचा. आमच्याकडे जेवणाचं आवतण दारात जाऊन द्यावं लागतं. घरातल्या सगळ्यांना बोलवायचं असेल तर 'चूलबंद' म्हणायचं, म्हणजे आज तुमच्या घरी चूल पेटवू नका. तर डोंगरातल्या वाड्या-वस्त्या तुडवायचा कंटाळा आला म्हणून पुस्तकातल्या लोकांनी या कामाला यंत्रं बनवलेली असतात. दुधाचं कॅन, फवारणीचा पंप आणि एसटीचे आरसे जोडून. माणसं मेली तरी यंत्रगडी हिंडतच राहतात. कुलूप लागलेल्या घरांपुढे उभं राहून खणखणीत आवाजात सांगतात, "चूलबंद आवतान हाय!" वाळीतलं घर आलं की मात्र न थांबता पुढे जातात. त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

पहिल्या भागाच्या शेवटी वाळीतली एक म्हातारी दारात बसलेली आहे. घरात चूल थंड आहे. समोरून यंत्रगडी येतोय. आणि पुस्तक संपलं.

पोरं दुकानात येऊन तात्यांना भंडावून सोडतात. "तात्या, थांबला का हो यंत्रगडी?"

"दुसऱ्या भागात बगू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गुडघ्याचं ऑपरेशन, खोलीचं गळकं छप्पर, पुतण्याने पाठवलेलं स्थळ (हो, या वयात!), सगळं दुसऱ्या भागात बघायचं. दुसऱ्या भागासाठी म्हणून ते एसटीने पार शेवटच्या स्टॉपपर्यंत जातात, ओसाड आळ्या बघतात आणि त्याच गाडीने परत येतात. "काय बघितलंत?" म्हटलं तर म्हणतात, "निम्म्या घरास्नी कुलपं. समदी पुन्याला. आगं, जग बुडवायची काय गरजच न्हवती." ही माणसं पुन्हा रविवारी पानशेतला पिठलं-भाकरी खायला येतात, असं मी म्हणाले. "मग त्यांस्नी रविवार सोडून मारू," म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांचं हसणं लवकर संपतं.

दुसरा भाग मात्र गेल्या पावसाळ्यापासून एकाच जागी अडकला होता. यंत्रगडी म्हातारीच्या दाराशी आला, इतकं रोज सांगायचे. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसायची. मग तात्या टोपी काढायचे, झटकायचे, घालायचे. "तो थांबला तर म्हातारी काय म्हनंल, ते सुचंना. जाऊ दे. उद्या."

"न थांबताच जाऊ द्या की त्याला."

"मग दुसरा भाग कशाला लिवायचा?" तात्या पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले.

त्या सुमारास आम्ही दुकानावर मजला चढवला. वास्तुशांतीचं निमंत्रण मी मोबाईलवरच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, फुलाफुलांची चौकट करून. सगळी गल्ली जेवून गेली. तात्या आले नाहीत. भिंतीला भिंत लागून घर, आणि आले नाहीत! मला राग आला. दुसऱ्या दिवशी बाकावर टेकले तशी मी तोंड सोडलं.

"मेसेज पोचला नाही का तुम्हाला?"

"पोचला की. समद्यास्नी आला व्हता," तात्या म्हणाले. "माज्या दारात कुनी आलं न्हाई."

मला हसू येणार होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"आमचं घर वाळीत व्हतं गं. वेल्ह्याकडं, गावाला. देवळाच्या जागंपायी बापानं खरी साक्ष दिली, तवापासनं. गावजेवनाच्या दिशी आवतान देनारा आमच्या दारावरनं जायाचा. आय तरीबी चूल पेटवायची न्हाई. म्हनायची, औंदा थांबंल. दुपार टळली की मग भाकरी टाकायची. मरस्तवर आसंच. तुजा मेसेज आला, तवा म्याबी दुपारपत्तूर गॅस पेटवला न्हाई."

माझ्या जेवणावळीच्या पंक्तीत सगळी गल्ली हसत होती, तेव्हा भिंतीपलीकडे हा माणूस आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून बसला असणार, हे डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी मी पुरण घातलं आणि सकाळीच ताटलीत हळद-कुंकू, अक्षता घेऊन तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत कुकरला वाफ धरली होती.

"तात्या, आज चूलबंद आवतण आहे."

ते बाहेर आले. ताटलीकडे बघितलं. "कशाचं?"

"यंत्रगडी कारण सांगतो का कधी?"

"मी एकटाच हाय की पोरी. एकट्याला चूलबंद कशापायी?"

"घरातल्या सगळ्यांना आहे," मी म्हणाले आणि उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या.

तात्या त्या अक्षतांकडे बघत राहिले. मग खाली वाकून, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, त्यांनी त्या उचलल्या आणि मुठीत धरून आत गेले. गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला. आणि मग त्या रिकाम्या घरात, पाठमोरे उभे राहून, तात्या पोरासारखे ओरडले, "आये! चूल पेटवू नगंस गं! आवतान आलंय!"

मी दारातच थांबले. बऱ्याच वेळाने ते टोपी नीट करत बाहेर आले. डोळे पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"हे लिवून घे," म्हणाले. "म्हातारीच्या घरातनं आसंच कुनीतरी वरडतंय."