धूसर नवरदेव

बापूजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया फसली, ही बातमी वामनरावांनी फोनवर सांगितली तेव्हा प्रीतमला मनापासून वाईट वाटले. त्या अपयशात आपलाही हात आहे, हे कळायला त्याला अजून काही तास लागायचे होते.

बापूजी म्हणजे मोहितचे आजोबा, आणि मोहित म्हणजे वामनरावांचा होणारा जावई. आठ दिवसांपूर्वी बापूजींचा मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी धूळ आणि गर्दी वर्ज्य केल्यामुळे नातवाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, त्यांना येता आले नव्हते. म्हणून समारंभ आटोपताच सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये भरून बेसाला मोहितच्या घरी पाठवायचे आणि ते बापूजींनी घरच्या टीव्हीवर पाहायचे, असे ठरले होते. फोटो प्रीतमने काढले होते.

"सकाळपासून ओरडून राहिले गा ते," वामनराव सांगत होते. "म्हणतात, नातसून साफ दिसते, नातूच दिसून नाही राहिला. दवाखान्यात घेऊन चालले त्यायले."

"अरे बापरे," प्रीतम म्हणाला. अशा प्रसंगी याहून अधिक बोलणे त्याला कधी साधले नव्हते.

सक्करदऱ्यात वामनरावांच्या आणि त्याच्या घराला एकच भिंत होती. पाचवीत असल्यापासून त्याचे तिकडे जाणे-येणे. इतके की आला तर त्याला कुणी 'ये' म्हणत नसे आणि निघाला तर 'बस' म्हणत नसे. वामनरावांची मुलगी सुरुची त्याला अकरा वर्षांपासून आवडत होती. हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते. आधी ती शिकत होती, मग तो नोकरी शोधत होता, आणि नोकरी लागल्यावर इतक्या वर्षांनी अचानक सांगणे त्याला बरे दिसेना.

त्याऐवजी त्याने कॅमेरा घेतला. कॅमेरा नव्या तऱ्हेचा, मिररलेस. माणसाचा डोळा आपणहून शोधणारा, हात थरथरला तर सावरून घेणारा. पण सीताबर्डीच्या एका गल्लीत जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी दुकान बंद करताना एक लेन्स त्याच्या हातात ठेवली, आणि त्याचा जीव तिच्यावर जडला. ती वडिलांच्या वयाची होती; सगळी धातूची, थंड आणि जड. मध्ये एक जोडकडी बसवली की ती नव्या कॅमेऱ्यावर घट्ट बसे. मात्र तिच्यात वीज नव्हती, तारा नव्हत्या. फोकस हाताने, तिची कडी फिरवूनच करावा लागे. कॅमेऱ्याला तर ती आहे हेच कळत नसे. समोरचे सारे तिच्यातून पाहत असूनही तो पडद्यावर 'लेन्स जोडलेली नाही' असे लिही. जोडलेले असूनही कुठे नोंद नसणे प्रीतमच्या परिचयाचे होते. त्याने कॅमेऱ्याला समजावले की लेन्स नसली तरी फोटो काढत जा, आणि कॅमेऱ्याने ऐकले.

त्या लेन्सने त्याने पहिला फोटो काढला तो फाटकाशी बसून तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या सुरुचीचा. पडद्यावर तो पाहून ती म्हणाली, "बाप्पा! मी अशी दिसते? माह्या साक्षगंधाले याच लेन्सनं काढजो, प्रीतम."

साक्षगंध ठरल्याचे प्रीतमला त्या वाक्यातून कळले.

समारंभाच्या दिवशी सभागृहात उजेड बेताचा होता. प्रीतमने लेन्सचे छिद्र पूर्ण उघडले. तसे केले की एक वीतभर पट्टा तेवढा स्पष्ट येतो. त्याच्या पुढचे-मागचे सारे जग विरघळून जाते. जे स्पष्ट असेल त्याच्या कडांवर कॅमेरा लाल रेघा दाखवतो. प्रीतमने तीन तास त्या लाल रेघा पाहिल्या. रेघा उमटत होत्या, म्हणजे सारे ठीक चालले होते. त्या कुणावर उमटत आहेत, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. त्याच्या लेखी त्या सभागृहात दुसरे कुणी नव्हते.

"फोटो लगेच दे, बापूजी वाट पाहून राहिले," असे म्हणत वामनरावांनी तिथेच पेनड्राइव्ह पुढे केला. तीनशे बारा फोटो एकदाही मोठे करून न पाहता बेसाला गेले.

दुपारी चारच्या सुमारास सारी बेसाकडची मंडळी वामनरावांच्या बैठकीत येऊन बसली. काळा चष्मा लावलेले बापूजी मध्यभागी होते. शेजारी मोहितची आत्या शोभाताई, आणि कोपऱ्यात मोहित, ज्याने आल्यापासून फक्त पाणी मागितले होते. प्रीतमला भिंतीपलीकडून हाक गेली. "कॅमेरा घेऊनच ये," असेही सांगितले गेले.

"डॉक्टरनं तपासलं," शोभाताईंनी सुरुवात केली. "खालची बारीक अक्षरं बापूजीनं धडाधड वाचली. तरी हे म्हणतात, डोळा गेला. शेवटी मोहितनं मोबाइलवर फोटो दाखवला. डॉक्टरनं आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा पायलं, आन् म्हने, 'आजोबा, डोळे तुमचे चांगले आहेत. नवरदेवच धुरकट आहे.'"

"चार लोकात माह्या नातवाले धुरकट म्हने!" बापूजी म्हणाले.

शोभाताईंनी रिमोट उचलला आणि टीव्हीवर फोटो सुरू केले. "हे पाय. अंगठी घालून राहिले. पोरीच्या नाकातली चमकी मोजून घ्या. घालनारा कोन? धूर. हे पाय, पोरगी पेढा भरवून राहिली. तिचा हात साफ, पेढा साफ. खानारा कोन? धूर. आन् हे पाय, इथं तं मोहित समोर हाय, पोरगी मागं हाय. समोरचा धुरकट, मागची साफ! असं काहून गा, भाऊ?"

"प्रीतम, बोल ना गा," वामनराव काकुळतीला आले. "मशीनचीच काही भानगड असन."

नव्या लेन्सचा हाच तर आधार असतो; चुकले तर मशीन चुकले म्हणता येते. इथे तीनशे बारा वेळा कडी त्याच्याच बोटांनी फिरवली होती. तीनशे बारा कबुलीजबाब टीव्हीवर लागले होते, आणि सुदैवाने ती भाषा त्या खोलीत कुणाला येत नव्हती. एवढ्यात सुरुची चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थांबली.

"जरीमुळे होतं ते, आत्याबाई," तो म्हणाला. "चमकणाऱ्या वस्तूवर कॅमेरा लाल रेघा जास्त दाखवतो. सुरुचीच्या शालूला जर होती. मी फसलो."

खुलासा इतका बरा जमला की वामनरावांनी सुटकेचा श्वास सोडला. शोभाताईंनीही मान डोलावली. मग त्यांची मान मध्येच थांबली.

"शालू तं आमीच नेसवला तिले. कुंकू लागल्यावर. त्याच्या पयले ते मायच्या साध्या साडीत होती." रिमोट उलटा चालू लागला. शंभर, साठ, बावीस. निळी सुती साडी, बोटभर काठ, जरीचा एक धागा नाही. आणि पापणी न् पापणी स्पष्ट. "याच्यात जर कुठं हाय?"

प्रीतम कॅमेऱ्याचा पट्टा सरळ करू लागला.

"आन् तिच्या मागं मी उभी हाव! माह्या साडीले चार बोटं जर होती. मी काहून धुरकट?"

वामनराव टीव्हीकडे पाहत होते, मग प्रीतमकडे पाहू लागले. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना इतकी वर्षे राहून हा मुलगा आपण आज प्रथमच पाहत आहोत, असे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर उमटू लागले होते. सुरुचीने ट्रे स्टुलावर ठेवला. एकही कप वाजला नाही.

तेव्हा मोहित उठला. त्याने प्रीतमच्या हातातून कॅमेरा घेतला, लेन्स उजेडाकडे धरली आणि अंगठ्याने कडी हळूच फिरवून पाहिली.

"आत्या, लेन्स खराब आहे. आतून बुरशी लागली. माह्या रूम पार्टनरकडं अशीच होती. कुठंही फोकस पकडते."

प्रीतमने ती लेन्स काल रात्रीच पुसली होती. तिच्यात बुरशीचा ठिपका नव्हता. पन्नास वर्षांत तिने कुणाला फसवले नव्हते. सारी बैठक त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.

"हो," तो म्हणाला. "खराबच आहे."

"मंग असं म्हन ना बाप्पा!" शोभाताई म्हणाल्या. वामनरावांचा चेहरा पूर्ववत झाला आणि प्रीतम पुन्हा 'ये' आणि 'बस' न म्हणण्याजोगा माणूस झाला. कॅमेरा परत देताना मोहित अगदी हळू बोलला, "भाऊ, रूम पार्टनर कोणी नाही. अशी लेन्स माह्याकडंच आहे. ही कडी आपल्या मनानं नाही फिरत, मले माहीत आहे."

त्याच्या आवाजात राग असता तर प्रीतमला सोसला असता. त्यात समजूत होती.

प्रकरण इथे मिटायचे. पण बापूजींनी काठी आपटली. "ते काही असो. पत्रिकेवर साक्षगंधाचा फोटो छापाचा हाय. त्याच्यात नातू पायजे. पुन्हा करा."

"काय पुन्हा करा?" वामनरावांनी विचारले.

"साक्षगंध!"

मग वामनरावांच्या बैठकीत दुसऱ्यांदा साक्षगंध झाले. सुरुचीला शालू नेसायला पिटाळले. स्वयंपाकघरातून नारळ आला. पेढे संपले होते, म्हणून संत्रा बर्फीचा तुकडा आला. अडचण अंगठीची झाली. पुन्हा घालायची तर आधी काढायला हवी, आणि ती बोटातून निघेना. सुरुचीच्या आईने साबण आणला. खटपटीनंतर अंगठी निघाली, ती धुऊन पुसून मोहितच्या हाती येईपर्यंत दोन मिनिटे गेली. ती दोन मिनिटे सुरुचीचे बोट मोकळे होते. प्रीतमने तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी तपासून घेतली.

"पन लेन्स तं खराब हाय म्हनता?" शोभाताईंना शंका आली.

"नीट धरली की चालते," मोहित म्हणाला. "भाऊ, फक्त माह्यावर धरा."

छिद्र जरा लहान केले असते तर दोघेही स्पष्ट आले असते. हे प्रीतमला ठाऊक होते. मोहितलाही ठाऊक होते. दोघांपैकी कुणी ते सुचवले नाही.

प्रीतमने आपला चष्मा सावरून कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीने लाल रेघा सुरुचीच्या पापण्यांवर जाऊन बसल्या. त्याने कडी फिरवली. रेघा पापण्यांवरून उठल्या, नारळाच्या शेंडीवरून सरकल्या, अंगठीवर क्षणभर टेकल्या आणि मोहितच्या मिशीवर स्थिरावल्या. कडेला सुरुची हळूहळू शालूच्या रंगात मिसळून गेली. त्याने बटण दाबले.

फोटो टीव्हीवर लावला तेव्हा बापूजींनी काळा चष्माच काढला. "वा! मिशीचा केस न् केस दिसून राहिला! डोळा चांगला हाय बरं माहा. याले म्हनतात फोटो!"

वामनरावांनी प्रीतमच्या पाठीवर थाप मारली. सुरुची शालू बदलायला आत निघून गेली होती. शोभाताई मात्र टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"हे पोरगी कुठं पायते पन? अंगठीकडं नाही, मोहितकडं नाही. सीधी कॅमेऱ्याकडं पाहून राहिली."

प्रीतमने कॅमेऱ्यावर फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. खरेच होते. त्या तीनशे बारा फोटोंत तिची पापणी न् पापणी मोजता येत होती, पण त्यातल्या एकातही तिने त्याच्याकडे पाहिले नव्हते. इथे ती सरळ त्याच्याकडे पाहत होती. पण डोळ्यांच्या जागी दोन सावळे डाग होते, ओठांच्या जागी एक पुसट गुलाबी रेघ. ती रेघ हसण्याची होती की रडण्याची, की नुसत्या रागाची, हे जगातला कुठलाही कॅमेरा आता सांगू शकणार नव्हता.

"धुरकट आली पोरगी," शोभाताईंनी निर्णय दिला. "राहू द्या. पत्रिकेवर चालून जाईन."

प्रीतमने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावून पाहिले. मग पुन्हा काढला.

"पुसून काही नाही होत, पोट्ट्या," बापूजी मायेने म्हणाले. "मी सकाळपासून तेच करून राहिलो होतो."