चिंचेखालून सरळ वर

भुयारी मेट्रोतून उतरून वरच्या मेट्रोला कसं जायचं, हे आमच्या शेजारच्या पास्कलअंकलना विचारू नका. मी विचारलं होतं.

"सोपं आहे, मॅन. विहिरीपासून डावीकडे वळ. चिंच लागेल. चिंचेखालून सरळ वर."

जमिनीच्या पोटात, एसीच्या गारव्यात, चकचकीत फरशीवर उभा राहून मी चिंच शोधली. खरंच शोधली. शेवटी समोर दिसला तो सरकता जिना धरला आणि भर रस्त्यात बाहेर आलो. घाटकोपरला सासुरवाडीत जेवण थंड झालं. बायको म्हणाली, "बोर्ड लावलेले असतात, ते वाचायचे." माझा चष्मा घरीच राहिला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

अंकल मरोळच्या गावठाणातले. आज स्टेशन आहे तिथे त्यांच्या लहानपणी घरची भातशेती होती, विहीर होती, चिंच होती. शेतावर रस्ता आला, रस्त्यावर एक मेट्रो आली, रस्त्याखाली दुसरी. अंकलचे पत्ते मात्र जुनेच. पिण्याच्या पाण्याचा नळ म्हणजे विहीर, लिफ्ट म्हणजे चिंच आणि सामान तपासायचं मशीन म्हणजे बांध. कोणी हसलं की म्हणतात, "जमीन हलत नाय, मॅन. वरचं हलतं."

"पण अंकल, आपण जमिनीच्या खाली आहोत."

"मग तर विहिरीतच आहेस!"



एकदा संध्याकाळी स्टेशनात शिरताना मशीनच्या पट्ट्यावरून माझ्या बॅगेमागे चक्क तांब्याची कळशी बाहेर आली. गार्डने मानसुद्धा वळवली नाही. "रोजची आहे," म्हणाला.

कळशीमागून अंकल आले. त्यांचा हात धरून त्यांची थोरली बहीण, फिलूबाय. ऐंशीच्या पुढच्या. त्या हल्ली घराबाहेर पडत नाहीत, असं मी सगळ्या सोसायटीला सांगत होतो.

नळाशी बाटल्या घेऊन पाच-सहा जण उभे होते.

"आली विहीर, बाय," अंकल म्हणाले.

"आज गर्दी आहे रे."

"उन्हाळा ना, बाय. सगळेच पाण्याला आलेत."

त्यांना बाकावर बसवून अंकल रांगेला लागले. मी मागे उभा राहिलो. ते हळूच म्हणाले, "बाय मागे एकदा कळशी घेऊन एकटीच निघालेली. हायवेवर सापडली, विहीर शोधत. गाड्या अशा अंगावरून चाललेल्या. तेव्हापासून मीच तिला इथे आणतो. पण नाव बदलून चालत नाय, मॅन. एकदा तोंडातून 'नळ' निघालं. बोलली, ही आपली विहीर नाय. दुसऱ्या दिवशी परत एकटी निघाली."

कळशी अर्धीच भरली. पूर्ण त्यांना पेलत नाही. फिलूबायनी ती मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"हा कोणाचा?"

"शेजारचा आहे, बाय. याला वर जायचंय."

"मग चिंचेखालून जा. उगाच उन्हात फिरू नकोस."

मी मुकाट्याने लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात एका बाईंनी रिकामी बाटली दाखवत विचारलं, "भाऊ, पाणी कुठे मिळेल?"

फिलूबाय अजून माझ्याकडेच बघत होत्या.

"विहिरीवर," मी म्हणालो आणि हाताने दाखवलं.